नवाबाच्या गाडीतली परात

हैदराबादेत जुनी मोटार दिसली की लोक एकच गोष्ट विचारतात, "कोणत्या नवाबाची?" डॉक्टरची, वकिलाची, कापडवाल्याची, बेकरीवाल्याची गाडी या शहरात जणू कधी नव्हतीच. जी काही चार चाकं साठ-सत्तर वर्षं गंजून टिकली, ती सगळी म्हणे नवाबांच्या देवड्यांतून, म्हणजे वाड्यांतून, निघाली. इतके नवाब खरोखर असते तर त्यांना सलाम करायला माणूस उरला नसता.

थंडी सुरू झाली की, नुमाइशचे, म्हणजे इथल्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनाचे, स्टॉल उभे राहण्याआधी, नामपल्लीच्या मैदानावर एका रविवारी सकाळी जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो. त्याला रॅली म्हणतात. यातल्या निम्म्या गाड्या ट्रकवर चढून येतात. मैदानाच्या फाटकाबाहेर त्यांना उतरवतात, रेशमी फडक्यानं पुसतात, आणि मग मालक गळ्यात मफलर, डोक्यावर इंग्रजी टोपी घालून शंभर पावलं गाडी चालवत आत येतो. हैदराबादेतल्या त्या उन्हात मफलर! एका महाशयांनी मला विचारलं होतं, की हे चोकचं बटण नक्की कशासाठी असतं. त्याच महाशयांना त्या वर्षीचा कप मिळाला.

शर्यतीचा इतिहासही या लोकांना फार प्रिय. एकानं आपल्या छोट्या पांढऱ्या गाडीच्या दारावर मोठा गोल काढून त्यात आकडा रंगवून घेतला आहे, आणि ही गाडी एके काळी रेसमध्ये पळायची असं तो छातीठोक सांगतो. ती गाडी मी ओळखतो. ती नारायणगुड्यातल्या एका दातांच्या डॉक्टरची होती. तिनं आयुष्यात शर्यत लावलीच असेल तर दूधवाल्याच्या सायकलीशी, आणि त्यातही ती हरली असणार.

हे सगळं मी इतक्या जवळून बघतो, कारण गाड्यांसमोर जी कार्डं ठेवतात ती मी लिहितो. सरकारी कचेरीतून निवृत्त झालो, अक्षर चांगलं आहे, जुन्या गाड्यांतलं चार लोकांपेक्षा जास्त कळतं, म्हणून क्लबनं मला हे काम दिलं. मालक फोनवर माहिती सांगतो आणि मी ती जाड कागदावर काळ्या शाईनं, वळणदार इंग्रजीत उतरवतो. माहिती खरी की खोटी हे विचारायचं नाही. गेली सात वर्षं मी मनातल्या मनात नाकं मुरडत नवाब लिहितो आहे.

एवढी तुच्छता बाळगायला माणसाचे स्वतःचे हात स्वच्छ लागतात. माझे नाहीत. ते कसे, हे सांगण्यासाठी आधी आमच्या गाडीबद्दल सांगितलं पाहिजे.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मराठवाड्यातल्या एका खेड्यातून शेती भावाच्या हवाली करून हैदराबादेत आले. सुलतान बाजारातल्या एका कापडवाल्याकडे ते गाडी चालवायला लागले. इंग्रजी बनावटीची, काळी, चार दारांची, पोट सुटलेल्या माणसासारखी गोल गाडी. तिच्या मागच्या सीटवर कापडाचे गठ्ठे जायचे. पुढं शेटजींनी नवी गाडी घेतली आणि ही जुनी आबांनी हप्त्यानं विकत घेतली. तिच्या डाव्या मडगार्डला मीटर बसवलं आणि नामपल्ली स्टेशनच्या बाहेर ते टॅक्सी चालवू लागले. टप पिवळं बऱ्याच वर्षांनी झालं. माझ्या लहानपणी गाडी पुरती काळी होती.

खरी मोटारशर्यत मी तिथं पाहिली आहे. मुंबईची गाडी फलाटाला लागली की बाहेर पाच-सहा टॅक्सीवाले इंजिन चालू करायला एकदम पुढून हँडल घालायचे. ज्याचं इंजिन पहिल्या झटक्यात धरेल तो दाराशी पहिला. आबांचं बहुतेक वेळा दुसऱ्या झटक्यात धरायचं, आणि तरीही ते पहिले पोचायचे, कारण ते गाडी आधीच उतारावर लावून ठेवत. आजच्या रॅलीतल्या एकाही मफलरवाल्याला हँडल घालता येत नाही. अंगठा चुकीच्या बाजूला ठेवला तर मनगट मोडतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या घरात त्या गाडीचा एक नियम होता. मागची सीट सवारीची. घरच्या माणसानं पुढं बसायचं. मागं बसलं की कव्हर मळतं, चुरगळतं, आणि सवारी नाराज होते. दसऱ्याला झेंडूची माळ घालून, चाकाखाली लिंबू चिरडून आम्ही गाडीतून देवीला जायचो, तेव्हाही आई पुढं आणि मी तिच्या मांडीवर. पुढं मी मोठा झालो आणि मांडीवर मावेनासा झालो, तेव्हा त्या दोघांच्या मध्ये चेपून बसायचो, पण मागं नाही.

आई जिथं पाय ठेवायची तिथला पत्रा एका पावसाळ्यात सडला आणि भगदाड पडलं. खालून चिखल उडून तिचं लुगडं भरायचं. आबांना नवा पत्रा बसवून घेणं तेव्हा जमणारं नव्हतं. एके दिवशी आई बाजारातून आली तर तिची पितळी परात जागेवर नाही. लग्नात तिच्या मावशीनं दिलेली, चांगली थोराड परात. आबांनी ती कात्रीनं कापून, चौकोन करून, गाडीच्या तळाला रिवेट मारून बसवली होती. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत. टोचून टोचून ठिपक्यांत लिहिलेलं. कापताना आईचं नाव गेलं, आणि उरलं ते एवढंच: "हिला मावशीकडून", आणि खालच्या ओळीत "सप्रेम भेट". आईनं त्या दिवशी रडून घर डोक्यावर घेतलं. नंतर ती त्या पितळेवर पाय ठेवून वीस वर्षं गाडीत बसली, आणि बसताना दर वेळी एकदा म्हणायची, "माझी परात."

आता माझ्याबद्दल. नारायणगुड्यातल्या माझ्या शाळेत बऱ्या घरची मुलं होती. मी तिसरीत असताना एका मुलानं विचारलं, ही गाडी कुणाची? मी म्हणालो, आमची. एका नवाबाकडून घेतली. मग त्यानं स्टिअरिंगवर बसलेल्या आबांकडे बोट दाखवलं आणि विचारलं, आणि हे कोण? मी म्हणालो, ड्रायव्हर.

शब्दशः बघितलं तर त्यात खोटं काही नव्हतं. पुढं वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, यावरून माझी अक्कल कळेल.

आबा तीस वर्षांपूर्वी गेले. गाडी दारात उभी होती. सुलतान बाजाराजवळचा एक जुन्या गाड्यांचा दलाल आला आणि म्हणाला, "साब, एक कागद लिख देव, किसी नवाब की थी बोलके. गाडी की इज्जत बढ जाती." मी तेव्हा कचेरीत साहेब झालो होतो. टाइपरायटर समोरच होता. मी इंग्रजीत लिहून दिलं, की सदर गाडी एका नवाब घराण्याच्या खासगी वापरात होती आणि ती कधीही भाड्यानं फिरवली गेली नाही. खाली सही केली. पैशांसाठी केलं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. दलालानं भावात एक पैसा वाढवून दिला नाही. मला ते लिहायला आवडलं, म्हणून मी लिहिलं. आईला यातलं काही माहीत नव्हतं.

यंदा कार्डांची यादी आली, तीत एक नवा मालक होता. हा बिल्डर आहे, गच्चीबावलीकडे मोठमोठ्या इमारती बांधतो, बोलायला अदबशीर. त्यानं व्हॉट्सॲपवर गाडीचे फोटो पाठवले, आणि गाडी मी पहिल्या फोटोतच ओळखली. काळा रंग जाऊन गडद लाल केलेला. मडगार्डवरची मीटरची भोकं बुजवून टाकलेली. तळाला नवा पत्रा. दुसऱ्या फोटोत आमची परात होती, घासून लख्ख केलेली, मखमलीवर, सोनेरी फ्रेममध्ये. खाली ओळ होती: एका मराठा राजानं नवाबसाहेबांना दिलेला भेटीचा ताम्रपट. पितळेचा ताम्रपट! त्याच्या ऑफिसात पुण्याचा एक इंजिनियर आहे, त्याला वाचायला दिलं होतं म्हणे. त्या मराठी मुलाला "सप्रेम भेट" एवढंच लागलं. वरची ओळ त्यानं "जुनी मराठी" म्हणून सोडून दिली. तिसऱ्या फोटोत माझं पत्र होतं.

मी काय करायला हवं होतं हे कुणीही सांगेल. मी पेन उचललं आणि कार्डावर वळणदार अक्षरांत नवाब लिहिला. सहासष्टाव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत.

प्रकरण तिथंच मिटलं असतं, पण फोन टेबलावर होता आणि माझ्या बायकोनं तो उचलला. तिनंही परात ओळखली आणि ती फोन घेऊन आईकडे गेली. आई आता शहाऐंशीची आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला माझ्यापेक्षा बरं दिसतं. तिनं फोन हातात धरला आणि म्हणाली, "ही माझी परात हाय."

मग ती एकच धरून बसली. तिला त्या गाडीत पुढच्या सीटवर एकदा बसायचं होतं. दुसरं काही नको. परात परत नको, फोटो नको. "एकदा बसते की रे. किती दिवस ऱ्हायलेत माझे." मी म्हणालो, गर्दी असते, ऊन असतं, लोक हात लावू देत नाहीत. ती म्हणाली, "माझ्या गाडीला हात लावायला कुनाला विचारू?" मला भीती होती ती त्या पत्राची. आईला इंग्रजी येत नाही, पण माझी सही येते. दर वर्षी तिच्या बँकेतल्या ठेवीच्या कागदांवर माझी सही लागते आणि ती जवळ बसून बघते. सहीच्या खाली मी दोन रेघा मारतो. त्या दोन रेघा साहेब झाल्यावर आल्या.

रविवारी तिला रिक्षात घालून मैदानावर नेलं. बिल्डर खरोखर सभ्य निघाला. मी, "माझ्या आईला जुन्या गाड्यांची आवड आहे," एवढंच म्हटलं होतं. त्यानं स्वतः खुर्ची आणली, पाण्याची बाटली दिली आणि मागचं दार उघडून धरलं. "आइये अम्मा, नवाबों की सीट पे बैठिये."

"मागं सवारी बसती," आई मला म्हणाली. "त्याला सांग, म्या पुढं बसनार."

त्याला वाटलं म्हातारी लाजते आहे. तो हसला आणि तिला हात धरून फ्रेमकडे घेऊन गेला. ताम्रपटाची हकीकत सांगू लागला. आईनं ती सगळी ऐकून घेतली. मग ठिपक्यांवर बोट ठेवत तिनं मोठ्यानं वाचलं, "हिला मावशीकडून, सप्रेम भेट," आणि म्हणाली, "राजा कुठला? माझी मावशी हाय ही. भोकरची."

आजूबाजूला दहा-बारा माणसं होती. दोन मराठी पोरी हसल्या. बिल्डरचा चेहरा उतरला, पण तो अदब सोडणारा नव्हता. त्यानं फाइल उघडली आणि प्लॅस्टिकमधलं पत्र आईच्या हातात दिलं. "अम्मा, गलतफहमी हो रही होगी. ये देखो, पुराने मालिक का खत है मेरे पास."

आईनं पत्राकडे बघितलं. वरचं काही तिला कळणार नव्हतं. ती खाली गेली, सहीशी थांबली, आणि तिनं दोन रेघांवरून अंगठा फिरवला. मग कागद माझ्याकडे दिला.

"वाच," ती म्हणाली. "मराठीत वाच."

बिल्डरला मराठी येत नव्हतं. आईला इंग्रजी येत नव्हतं. मधल्या मध्ये मला हवं ते वाचता आलं असतं, आणि ते सुचलंही. पण तिचा अंगठा त्या रेघांवर फिरताना मी पाहिला होता. मी खरं वाचलं. सदर गाडी एका नवाब घराण्याच्या खासगी वापरात होती. ती कधीही भाड्यानं फिरवली गेली नाही. वाचताना माझा आवाज कचेरीतल्यासारखा येत होता.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "मंग तुझा बाप कोन होता?"

मी बिल्डरकडे वळलो आणि सांगितलं, की ही गाडी टॅक्सी होती. नामपल्ली स्टेशनबाहेर, इथून पाच मिनिटांवर, ती चोवीस वर्षं भाड्यानं चालली. माझे वडील ती चालवायचे. हे पत्र खोटं आहे आणि ते मी लिहिलं आहे. समोरचं कार्डही मीच लिहिलं आहे. हे सांगायला जेमतेम अर्धा मिनिट लागलं. आयुष्यात परक्या माणसासमोर मी वडिलांबद्दलचं ते वाक्य पहिल्यांदा बोललो.

बिल्डरनं मागं वळून बघितलं. परीक्षक दोन गाड्या पलीकडे होते. तो हळूच म्हणाला, "सर, ये बात जरा बाद में करते," आणि कार्ड उलटं करून ठेवलं. मला त्याचा राग येईना. त्याला फसवलं होतं ते मीच.

त्यानं मुकाट्यानं पुढचं डावं दार उघडलं. आई बसली. चपला बाहेर काढून ठेवल्या आणि पाय नेमके त्या जागी ठेवले, जिथं आता नवा पत्रा आणि त्यावर गालिचा होता. मी स्टिअरिंगच्या बाजूनं तिच्याशेजारी बसायला निघालो.

"तू मागं बस," ती म्हणाली. "तुला सवय हाय."

मला कळलं नाही. मागची सीट सवारीची, मी कधी... आणि मग आठवलं. मी बसायचो. शाळेला जाताना, फक्त शाळेला जाताना, आबा मला मागं बसवायचे. तिसरीपासून. मला वाटायचं, एकुलता एक म्हणून माझे लाड. मी मागच्या सीटवर जाऊन बसलो. दार बाहेरून बिल्डरनं लावलं.

आई मागं वळली नाही. समोरच्या काचेतून बघत बोलत होती, लोकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

"तू डायवर म्हनलास, ते त्यांनी ऐकलं होतं. काच खाली होती. घरी येऊन मला बोलले, पोराला शाळेत खाली बघायला लागू नये. दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या लुगड्याचं फडकं मागून घेतलं. नारायनगुड्याच्या कोपऱ्यावर गाडी थांबवायचे आन मीटरवर बांधायचे. तुला सोडलं की सोडायचे. ठाऊक हाय का तुला?"

फडकं मला ठाऊक होतं. हिरवं होतं. कोपऱ्यावर गाडी थांबायची, आबा उतरून पुढं जायचे, काहीतरी करून परत यायचे. मी कधी विचारलं नाही. मग शाळेच्या फाटकाशी ते पुन्हा उतरायचे, गाडीला वळसा घालून यायचे आणि माझ्यासाठी दार उघडून बाजूला उभे राहायचे. एकही दिवस चुकला नाही. मुलं बघत असायची. मी दप्तर घेऊन त्यांच्याकडे न बघता उतरायचो.

"आठ वर्षं," आई म्हणाली, आणि गालिच्यावर पाय जरा सरकवून घेतले.

परीक्षक आले, वही काढून उभे राहिले. त्यांना गाडी रिकामी हवी होती. बिल्डर घाईनं आला, आईला हात देऊन उतरवलं, आणि मग बिचाऱ्यानं माझ्या बाजूला येऊन माझं दार उघडलं आणि अदबीनं बाजूला झाला.

मी ते आतून ओढून लावून घेतलं. मग उघडताना दाराच्या मुठीशी जरा झटापट झाली, जुन्या गाड्यांचं मागचं दार आतून उघडायला अवघडच असतं, आणि ते कसं उघडतात हे मला माहीतही नव्हतं. बाहेर सगळे थांबले होते. आईही थांबली होती. ते दार माझं मी उघडेपर्यंत मी उतरलो नाही.